स्वस्तातली हार्ड डिस्क: फोटो भरण्याआधी तिच्या नंबराची चौकशी करा

दशावताराचं नाटक रात्री साडेअकराला उभं राहिलं की पहाट होईपर्यंत चालतं. मी दोन कॅमेरे लावते. फोर-के चित्रीकरणाचे माझ्या कॅमेऱ्यावर तासाला पंचेचाळीस जीबी होतात. सहा तास, दोन कॅमेरे, म्हणजे एका रात्रीचे ५४० जीबी. दोन टीबीची डिस्क तीन जत्रांत भरते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रा, मध्ये लग्नसराई, आणि मालवणात आमचा स्टुडिओ बाबांच्या वेळेपासूनचा, त्यामुळे कामाला नाही म्हणता येत नाही. मोबाइलवर ‘४० टक्के सूट’ दिसली की बोट तिकडे का जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी मी तशीच एक घेतली. चार टीबी, बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्यात. खोका कोरा, सील शाबूत, वर तीन वर्षांच्या वॉरंटीचा शिक्का. लॅपटॉपला लावली, सगळी जागा दिसली, मी समाधानाने कामाला लागले. सातव्या महिन्यात आतून टिक-टिक ऐकू यायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी डिस्क दिसेनाशीच झाली. तिच्यात आमच्याकडच्या एका वयस्कर कलाकाराचं शेवटचं नाटक होतं. आयुष्यभर स्त्रीपार्ट केलेला माणूस. ते गेल्यावर त्यांचा मुलगा स्टुडिओत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “बाबांचां तां नाटक आसा मा तुझ्याकडे?”

तेव्हा मी पहिल्यांदा त्या डिस्कवर छापलेला सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. उत्तर आलं की ही डिस्क एका संगणक बनवणाऱ्या कंपनीला सुटा भाग म्हणून विकली होती, वॉरंटीसाठी त्यांच्याकडे जा. ज्याच्याकडून घेतली त्या विक्रेत्याचं पान तोवर साइटवरून नाहीसं झालं होतं. पुण्यात डेटा रिकव्हरीवाल्यांकडे डिस्क पाठवली. एक तास चाळीस मिनिटं हाती लागली, ती मी त्या मुलाला दिली. बाकीचं गेलं.

नंबर टाकून बघायला पाच मिनिटंही लागली नव्हती. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर डिस्क परत गेली असती आणि ते नाटक दुसऱ्या डिस्कवर राहिलं असतं. तेव्हापासून स्टुडिओत आलेली कुठलीही डिस्क तपासून झाल्याशिवाय मी तिच्यावर एक फोटोसुद्धा टाकत नाही. आता ओळखीपाळखीचे लोकही आपापल्या डिस्क घेऊन येतात, म्हणून मी काय-काय बघते ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पैसे देण्याआधी

सूट किती आहे हे एका दुकानाच्या छापील किमतीवरून ठरवू नका. एमआरपी खोडून बाजूला लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. तेच मॉडेल तीन-चार ठिकाणी बघा आणि एका टीबीला किती रुपये पडतात ते काढा. दिवाळीच्या सुमारास दहा-वीस टक्के कमी मिळणं मी समजू शकते. निम्म्या किमतीत कंपनीची नवी डिस्क मिळत असेल तर त्याला काहीतरी कारण आहे आणि ते विक्रेत्याने तुम्हाला सांगितलेलं नाही.

मग वॉरंटी कोण देतंय ते वाचा. ‘कंपनी वॉरंटी’, ‘सेलर वॉरंटी’ आणि ‘टेस्टिंग वॉरंटी’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्टिंग वॉरंटी म्हणजे आठ-पंधरा दिवस चालवून बघा, नंतर आमचा संबंध नाही. सेलर वॉरंटी तो विक्रेता धंद्यात आहे तोवर. कंपनीची वॉरंटी तेवढी नंबरावर चालते, आणि तिची मुदत मॉडेलवर असते. हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेट कंपनीच्या बाराकुडा मॉडेलला दोन वर्षं, आयर्नवुल्फला आणि सीसीटीव्हीसाठीच्या स्कायहॉकला तीन, आयर्नवुल्फ प्रो आणि एक्सॉसला पाच. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लूला दोन, रेड प्लस आणि पर्पलला तीन, ब्लॅक आणि रेड प्रोला पाच. पाच वर्षांच्या मॉडेलवर कुणी ‘एक वर्ष वॉरंटी’ लिहीत असेल तर ती कंपनीची नव्हे.

आपल्याकडे राहणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. सामान गावात येतं, पण परत न्यायला माणूस येतो का? आपला पिनकोड टाकून परतीची सोय आहे का ते आधी विचारा. ‘फक्त बदलून मिळेल’ आणि ‘पैसे परत’ यातलं काय आहे तेही वाचा. परतीची मुदत सात दिवसांची असली आणि खोका मालवणातून पुढे एखाद्या वाडीत जायचा असला तर हातात फार दिवस उरत नाहीत.

‘रिसर्टिफाइड’ म्हणजे खोटी नव्हे

हे वेगळं सांगते, कारण लोक अशी डिस्क आणि फसवून विकलेली डिस्क एकाच पारड्यात टाकतात. कंपनीकडे परत आलेली डिस्क दुरुस्त करून, तपासून कंपनीच पुन्हा विकते. तिच्या लेबलवर तसं स्पष्ट छापलेलं असतं आणि वॉरंटी कमी असते. मी स्वतः अशी एक तिसऱ्या प्रतीसाठी वापरते. माझी तक्रार जुनी डिस्क नवी म्हणून विकणाऱ्यांबद्दल आहे.

आणि हे प्रकार फक्त छोट्या गल्लीत होतात असं नाही. २०२५च्या जानेवारीत जर्मनीतल्या ‘हाइज’ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने उघड केलं की सीगेटच्या एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या आणि प्रत्यक्षात त्या पंधरा हजारांपासून पन्नास हजार तासांपर्यंत चाललेल्या होत्या. बऱ्याचशा चिया या आभासी चलनासाठी वापरून झालेल्या असाव्यात असा संशय होता. ते चलन हार्ड डिस्कच्या जागेवर चालतं, २०२१मध्ये त्यासाठी लोकांनी डिस्कचे ढीग विकत घेतले होते. पुढे मलेशियात एका गोदामावर छापा पडला, तिथे सीगेटच्या सातशेच्या आसपास डिस्क सापडल्या. जुनी लेबलं काढून, तासांची नोंद पुसून त्या नव्यासारख्या केल्या जात होत्या. कंपनी खरी, डिस्कही खरी, वय तेवढं खोटं. म्हणून नुसत्या लेबलवर विसंबून भागत नाही.

खोका उघडताना

कुरियरवाला खोका देऊन गेला की मी मोबाइलचा कॅमेरा चालू करते आणि न थांबवता एकच व्हिडिओ घेते: पत्त्याची चिठ्ठी, चारही बाजू, सील, मग कात्री. खोक्यावरचा नंबर आणि डिस्कवरचा नंबर एकाच चौकटीत शेजारी-शेजारी दिसला पाहिजे. पुढे भांडण झालं तर हाच पुरावा.

खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, माल बनला तो देश, माल बनल्याचा किंवा आयातीचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा फोन किंवा ईमेल असायला हवा. २०११च्या वजन-माप खात्याच्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत हे सक्तीचं आहे. यातलं काही नसेल तर माल सरळ रस्त्याने आलेला नाही. खोक्यावरचा महिना आणि डिस्कवर छापलेली बनल्याची तारीख यांचा मेळ बसतो का तेही बघा. डिस्क खोक्यावरच्या महिन्यानंतर बनलेली निघाली तर खोका एकीचा आणि डिस्क दुसरी. यूएसबीवाल्या बाहेरच्या डिस्कवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप मोबाइलवर घेऊन तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं.

आतल्या, म्हणजे डेस्कटॉपला किंवा डीव्हीआरला (सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणाऱ्या पेटीला) बसवायच्या डिस्कसाठी मी बाबांचं भिंग काढते. ते निगेटिव्ह बघायला वापरायचे. नव्या डिस्कच्या जोडणीच्या सोनेरी पट्ट्या एकसारख्या चकाकतात. केबल वारंवार आतबाहेर झालेली असली की प्रत्येक पट्टीच्या मधोमध उभी रेघ पडते, सोनं घासून खालचा फिका धातू दिसतो. कारखान्यातल्या चाचणीची एखादी पुसट खूण नव्या डिस्कवरही असू शकते, तेव्हा एका रेघेवरून निकाल देऊ नका. पण बाजूच्या स्क्रूच्या भोकांत डोकावा. स्क्रू कधी बसलाच नसेल तर आटे अगदी स्वच्छ असतात. बसून निघाला असेल तर भोकाच्या तोंडाशी गोल चकतीचा ओरखडा राहतो. लेबलच्या कडेवरून नख फिरवा. खाली जुन्या लेबलचा चिकटा असेल तर नख अडकतं, तिथे धूळ काळी होऊन बसलेली असते. आमच्या खाऱ्या हवेत एखादं वर्ष उघड्यावर राहिलेल्या डिस्कच्या स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस ठिपके येतात. सीलबंद पिशवीतून काढलेल्या डिस्कवर ते यायचं कारणच नाही.

नंबराची चौकशी

लेबलवर ‘एस एन’ किंवा ‘सिरियल नंबर’ असं लिहिलेलं असतं त्याच्या पुढचा नंबर घ्यायचा. मॉडेलचा नंबर वेगळा, त्यात लोक गोंधळतात. सीगेटचा सिरियल नंबर आठ अक्षरांचा असतो. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांत गल्लत होते, म्हणून हाताने लिहिण्याऐवजी मोबाइलने बारकोड स्कॅन करा, नंबर जसाच्या तसा येतो.

मग कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, सपोर्ट विभागात, वॉरंटी तपासायच्या पानावर जा. पत्ता स्वतः टाइप करा. ‘अमुक कंपनी कस्टमर केअर’ असं शोधून वर येणाऱ्या मोबाइल नंबरांवर फोन करू नका. वॉरंटी तपासायला कुणालाही ओटीपी लागत नाही, तुमचा स्क्रीन बघावा लागत नाही, दहा रुपये भरावे लागत नाहीत. असं मागितलं की फोन ठेवा.

उत्तर चार प्रकारचं येतं. पहिलं, वॉरंटी अमुक तारखेपर्यंत आहे. इथे खूश होऊन पान बंद करू नका, तारखेचा हिशेब करा. तीन वर्षांची वॉरंटी असलेली नवी डिस्क आज घेतली आणि पान चौदाच महिने उरलेत म्हणत असेल, तर बाकीचं बावीस महिन्यांचं आयुष्य कुठे गेलं? कधी ती गोदामात पडून असते. कंपनी सुरुवातीला आपल्याकडून माल बाहेर पडल्याची तारीख धरते आणि तुमचं बिल पाठवलं तर बहुतेक वेळा खरेदीपासून मुदत लावून देते. एक-दोन महिन्यांचा फरक नेहमीचा. वर्ष-दीड वर्षाचा फरक असेल तर पुढची तपासणी होईपर्यंत डिस्क वापरायला काढू नका.

दुसरं उत्तर, वॉरंटी संपलेली आहे. तिसरं मला आलं होतं ते, ही डिस्क दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचा भाग म्हणून गेलेली आहे. ती खोटी नसते, पण तुमच्यासाठी तिला वॉरंटी नाही. परदेशासाठीचा माल असेल तरी अशीच अडचण येते. चौथं, असा नंबरच नाही. आधी अक्षरं पुन्हा जुळवून बघा, आणि तरीही तेच आलं तर डिस्क परत. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरालाही मी डिस्क परतच करते, विक्रेता फोनवर काहीही सांगो. पानाचा स्क्रीनशॉट काढून बिलाच्या फोटोबरोबर ठेवून द्या.

बाहेरच्या डिस्कचं एक ध्यानात असू द्या: कवचावरचा नंबर वेगळा आणि आतल्या डिस्कचा वेगळा असू शकतो. वॉरंटीसाठी कवचावरचाच टाकायचा. आणि कवच फोडलं की वॉरंटी गेली.

ती आजवर किती तास चालली?

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम विंडोजवर टाका. डिस्क लावली की वर तिचं मॉडेल, सिरियल नंबर आणि उजवीकडे ‘पॉवर ऑन अवर्स’ दिसतात, म्हणजे आजवर एकूण किती तास वीज खाल्ली. नव्या डिस्कला शून्य किंवा एक-दोन आकडी. वर्षाचे तास ८७६०, त्यावरून वय काढा. आतली डिस्क असेल तर इथला सिरियल नंबर लेबलशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे.

खालच्या यादीत ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’, ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘अनकरेक्टेबल सेक्टर’ या तीन ओळी शोधा, त्या डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा मोजतात. नव्या डिस्कवर तिन्हींचा ‘रॉ’ आकडा शून्यच हवा. प्रोग्रॅम हे आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतो, ‘१एफ४’ म्हणजे पाचशे. सेटिंगमध्ये दशमान निवडता येतं, ते निवडा. सीगेटच्या डिस्कवर ‘रीड एरर रेट’ आणि ‘सीक एरर रेट’ यांपुढे प्रचंड मोठे आकडे असतात. ते बघून घाबरू नका, त्या कंपनीची आकडे मांडायची रीतच तशी आहे. ‘सीआरसी एरर’, म्हणजे माहिती ये-जा करतानाच्या चुका, वाढत असतील तर आधी केबल बदला, दोष बहुधा तिथेच असतो.

पण हे तास पुसता येतात, आणि ते मला माझ्या आतेभावाच्या डिस्कवर दिसलं. त्याचा तारकर्लीला होमस्टे आहे. सीसीटीव्हीसाठी त्याने सीगेटची चार टीबीची डिस्क घेतली, मोठी सूट होती. डीव्हीआरमध्ये आठवडाभर चालली होती. मी म्हटलं, काढून आण. तो म्हणाला, “बरी चलता, मगे कित्याक काढूची?” तरी आणली. क्रिस्टलडिस्कइन्फोवर १७१ तास, अगदी आठवड्याचा हिशेब. भिंगाखाली मात्र सोनेरी पट्ट्या घासलेल्या आणि दोन स्क्रूच्या भोकांशी गोल ओरखडे. डीव्हीआरमध्ये त्याने ती स्क्रू न लावता नुसती ठेवली होती, असं तो सांगत होता. मग ते ओरखडे आले कुठून?

सीगेटच्या डिस्कवर ‘फार्म’ नावाची दुसरी एक नोंद असते. कंपनीच्या विश्वासार्हतेच्या मोजमापासाठी ती डिस्कच्या आत वेगळी ठेवलेली असते, आणि वरचे, म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फोत दिसणारे, तास पुसणारे बहुतेक वेळा तिला हात लावत नाहीत. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा फुकट प्रोग्रॅम आवृत्ती ७.४पासून ती वाचून दाखवतो. कमांड टाइप करावी लागते, ती त्याच्या मदतपानावर दिलेली आहे. यूएसबी डॉकमधून, म्हणजे आतली डिस्क यूएसबीने जोडायच्या खाचेतून, कधीकधी ही नोंद वाचता येत नाही, म्हणून मी स्टुडिओतल्या डेस्कटॉपला डिस्क थेट जोडली. आकडा आला २१,३४० तास. जवळजवळ अडीच वर्षं अखंड चाललेली डिस्क, नवी म्हणून विकलेली. आतेभाऊ बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. फार्ममधले तास आणि वरचे तास जवळपास सारखेच असायला हवेत. एवढी तफावत असेल तर आणखी पुराव्याची गरज नाही. ही सोय फक्त सीगेटच्या डिस्कवर आहे. बाकी कंपन्यांच्या डिस्कला भिंग, तारखा आणि वॉरंटीचं पान यांवरच भिस्त ठेवावी लागते.

जागा खरी आहे का

आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलाच्या शाळेचे व्हिडिओ ठेवायला ‘१६ टीबी एसएसडी’ घेतली, १,९०० रुपयांत. संगणकावर सोळा टीबी दिसतही होते. पण वहिनींच्या लक्षात आलं की जुने व्हिडिओ उघडत नाहीत. आम्ही ते कवच उघडलं. आत एक छोटंसं मेमरी कार्ड, आणि वजन यावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. असलं यंत्र संगणकाला खोटी जागा सांगतं. खरी जागा भरली की नवं आलेलं जुन्यावर लिहिलं जातं किंवा नुसतं हरवतं. नावं मात्र सगळी दिसत राहतात, म्हणून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

हे पकडायला विंडोजवर चालणारा एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. मूळ जर्मन, उघडल्यावर इंग्रजी निवडा. तो रिकाम्या डिस्कवर काठोकाठ माहिती लिहितो आणि मग सगळी परत वाचून जुळवतो. मॅक आणि लिनक्सवर हेच काम एफथ्री करतो. शेवटी ‘विदाउट एरर्स’ आलं पाहिजे. दोन टीबीच्या यूएसबी डिस्कला सेकंदाला शंभर एमबीचा वेग धरला तर लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तेवढेच. शेवटी-शेवटी वेग पडतो, त्यामुळे मी बारा-चौदा तास धरून चालते. लॅपटॉपवरच करा, डेस्कटॉपवर नको. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस अंधार होता. लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करा, डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि चालू असताना हलवू नका. ही चाचणी डिस्कच्या प्रकृतीचीही परीक्षा घेते. कच्ची डिस्क पुष्कळदा याच रात्री दगा देते, आणि तेव्हा तुमचं काही गेलेलं नसतं.

दोन टीबीऐवजी विंडोज १.८१ दाखवतो म्हणून घाबरून फोन करणारे खूप आहेत. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. एक टीबीचे ९३१ जीबी आणि चार टीबीचे ३.६३ टीबी दिसणं बरोबर आहे.

बिल आणि तक्रार

बिलावर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदाराला कंटाळा आला तरी आपण थांबायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या की कुडाळच्या बाजारात, नंबर नसलेलं बिल कुठल्याही डिस्कचं असू शकतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं.

आतेभावाच्या डिस्कच्या वेळी आम्ही विक्रेत्याला फोनवर काही बोललोच नाही. खोका उघडतानाचा व्हिडिओ त्याच्याकडे नव्हता, पण बिल होतं, भिंगातून काढलेले फोटो होते आणि दोन्ही तासांचे स्क्रीनशॉट होते. ‘नवी म्हणून वापरलेली वस्तू दिली’ एवढंच एक वाक्य लिहून ते जोडले. आधी टाळाटाळ झाली. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक विक्रेत्याला पाठवला. पुढच्या आठवड्यात पैसे परत आले. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाता येतं, आमच्यावर ती वेळ आली नाही.

खरी डिस्क वॉरंटीत बिघडली तर ती कंपनीकडे पाठवताना बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळा, रद्दीत नको. आदळून बिघडलेली किंवा पाणी शिरलेली डिस्क वॉरंटीत बसत नाही. बदलून येणारी बहुधा दुरुस्त केलेली असते, तिला मूळ वॉरंटीतली उरलेली मुदत मिळते. आणि येते ती रिकामी डिस्क. आतले फोटो वॉरंटीत धरलेले नसतात, म्हणून प्रत्येक जत्रेच्या माझ्याकडे आता तीन प्रती असतात, त्यातली एक कोल्हापूरला बहिणीच्या कपाटात.

आतेभावाने गेल्या महिन्यात दुसरी डिस्क घेतली, सवलतीशिवाय. घरी जायच्या आधी स्टुडिओत थांबला. नंबर टाकला, तीन वर्षांना अकरा दिवस कमी. वरचे तास शून्य, फार्मचेही शून्य. वॉरंटी संपायची तारीख मी कागदी चिकटपट्टीवर लिहून डिस्कवर लावून दिली. पट्टी लावताना तेवढं एक बघा, डिस्कच्या अंगावर हवेसाठी बारीक भोक असेल आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असेल, तर पट्टी त्या भोकावर येता कामा नये.